‘संकल्पना काय?’ विचारू नका, ‘हे इथेच का?’ विचारा

प्रश्न थोडक्यात असा: समकालीन दृश्यकलाकार आणि क्युरेटर (म्हणजे प्रदर्शनासाठी कामं निवडून ती मांडणारे) यांच्याशी निवांत गप्पा रेकॉर्ड करायच्या आहेत. प्रदर्शनं नेमाने बघतो, पण कलेचं शिक्षण नाही. एका चित्रकर्तीशी आणि एका क्युरेटरशी बोलून पाहिलं. दोघांनीही प्रदर्शनाच्या भिंतीवर लावलेल्या मजकुरातलीच वाक्यं ऐकवली. मी कुठे कमी पडतोय? प्रश्न आधी पाठवावेत का? आणि प्रसिद्ध करण्याआधी त्यांना दाखवावं का?

मी बरीच वर्षं अशा गप्पा करत आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक शंका मनातून काढून टाका. अडचण तुमच्या शिक्षणाची नाही. कलाशाळेत शिकलेल्या आणि नियमित समीक्षा लिहिणाऱ्या लोकांनाही पुष्कळदा हीच वाक्यं ऐकायला मिळतात. आजच्या कलाकाराला स्वतःच्या कामाबद्दल सतत लिहावं लागतं. रेसिडेन्सीचा (ठरावीक काळ एका जागी राहून काम करण्याच्या संधीचा) अर्ज, अनुदानाचा अर्ज, गॅलरीचा कॅटलॉग, प्रत्येक ठिकाणी दोनशे-तीनशे शब्दांचं स्टेटमेंट द्यावं लागतं. ते पुन्हा पुन्हा लिहून गुळगुळीत झालेलं असतं. तुम्ही समोर बसून ‘या मालिकेमागची संकल्पना काय?’ असं विचारलंत की ते स्टेटमेंटच मागितल्यासारखं होतं. त्यांनी काही हातचं राखलं असं नाही. मागितलं ते दिलं. तेव्हा बदल करायचा तो प्रश्नात. ज्याचं उत्तर त्यांनी अजून कुठेही लिहून दिलेलं नाही, असं काहीतरी विचारायचं.

दुसरी गोष्ट अनौपचारिकतेबद्दल. गप्पा अनौपचारिक म्हणजे तयारी न करता जायचं, असा समज बराच पसरलेला आहे. मोकळेपणा समोरच्याला मिळायला हवा असेल तर तयारी आपली पक्की हवी. तयारी नसेल तर माणूस हटकून सरधोपट प्रश्नांचा आधार घेतो, आणि सरधोपट प्रश्नाला सरधोपट उत्तर येतं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं ते सांगते, कारण पुढे मी लिहीन ते सगळीकडे जसंच्या तसं लागू होणार नाही. कलाकार एकटा काम करतो की त्याच्याकडे मदतनीस आहेत, प्रदर्शन चालू आहे की काम अजून अर्धवट आहे, क्युरेटर संग्रहालयात नोकरीला आहे की स्वतंत्र, या प्रत्येकाने गप्पांचा पोत बदलतो. नोकरीतल्या क्युरेटरला संस्थेच्या वतीने बोलावं लागतं. काही ठिकाणी प्रसिद्धी विभागाची परवानगी लागते. स्वतंत्र क्युरेटरला ती अडचण नसते, पण पुढचं काम मिळायचं असतं, त्यामुळे त्याचीही जीभ काही जागी अडतेच. हाराल्ड झेमान या स्विस क्युरेटरने १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कुन्स्टहाले या कलादालनात ‘व्हेन ॲटिट्यूड्स बिकम फॉर्म’ हे गाजलेलं प्रदर्शन मांडलं, त्यानंतर संचालकपद सोडलं आणि पुढे स्वतंत्रपणे प्रदर्शनं उभी केली. तेव्हापासून हा स्वतंत्र क्युरेटर नावाचा माणूस ठळकपणे दिसू लागला. तुमच्यासमोर यांपैकी कोण बसलं आहे हे आधी माहीत करून घ्या.

निर्णय विचारा

माझ्या कामाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. मी अर्थ विचारत नाही, निर्णय विचारते. हा कागद एवढ्याच आकाराचा का? आधी मोठा होता का? या चौकटीला काच का नाही? हे चित्र पूर्ण झालं हे कोणत्या दिवशी ठरलं, आणि त्या दिवशी शेवटचं काय केलं? या प्रश्नांना तयार उत्तर नसतं. माणसाला आठवावं लागतं, आणि आठवताना तो स्वतःच्या भाषेत बोलतो.

अर्थाबद्दल न विचारता अर्थापर्यंत पोहोचता येतं का, ही शंका रास्त आहे. ऑन कावारा या चित्रकाराचं उदाहरण बघा. त्यांनी मुलाखती दिल्या नाहीत, फोटो काढू दिले नाहीत. ४ जानेवारी १९६६ पासून ते तारखांची चित्रं करू लागले: एकरंगी पृष्ठभागावर पांढऱ्या अक्षरांत फक्त त्या दिवसाची तारीख. चित्र त्याच दिवशी पूर्ण व्हायला हवं. मध्यरात्रीपर्यंत झालं नाही तर नष्ट करायचं. ज्या देशात असतील तिथल्या पद्धतीने तारीख लिहायची. प्रत्येक चित्रासाठी पुठ्ठ्याची पेटी करायची आणि बऱ्याचदा आत त्या दिवसाच्या, त्या गावच्या वर्तमानपत्राचं कात्रण ठेवायचं. काळ, आयुष्य, नश्वरता यांपैकी एकही शब्द मी उच्चारला नाही. फक्त कामाचे नियम सांगितले. तरी तुमच्या मनात जे उभं राहिलं ते त्या नियमांतूनच राहिलं. बोलणाऱ्या कलाकाराकडून हे नियम काढून घेणं हे आपलं काम.

एक प्रसंग जरा जवळून सांगते. एक चित्रकर्ती गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, कागदावर काम करत होती. तिच्या स्टेटमेंटमध्ये ‘स्मृती’ आणि ‘विस्थापन’ हे दोन शब्द होते, आणि ते मी बोलण्यात येऊ द्यायचे नाहीत असं ठरवूनच गेले होते. तिच्या टेबलाच्या कडेला निळसर करड्या रंगाचे छोटे छोटे ठिपके ओळीने दिलेले दिसले. प्रत्येकाखाली पेन्सिलीने बारीक आकडे. मी विचारलं, ‘हे आकडे कसले?’ ती म्हणाली, पाणी किती आणि पांढरा किती याचं ते प्रमाण. गुआश वाळताना बदलतो. फिकट छटा वाळल्यावर गडद होतात, गडद छटा फिकट पडतात. मग म्हणाली, ‘हा आमच्या जुन्या घराच्या दाराचा रंग आहे. ओला असतो तेव्हा अगदी बरोबर असतो. वाळला की दुसऱ्याच कुणाच्या तरी दाराचा होतो.’ मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने आपणहून सांगितलं की प्रदर्शनातल्या एका चित्रात तिने तो वाळलेला, चुकलेला रंग तसाच ठेवला आहे आणि त्याच चित्राजवळ ती ओपनिंगच्या दिवशी उभी राहू शकली नाही. स्टेटमेंटमधले दोन्ही शब्द त्या बोलण्यात होते, पण एका दाराच्या रूपात होते. ऐकणाऱ्याला तेच लक्षात राहतं.

इथे मी केलेल्या गोष्टी तीनच. टेबलाकडे नीट बघितलं. जे दिसलं त्याबद्दल एक साधा प्रश्न विचारला. आणि उत्तरानंतर गप्प बसले. यातली तिसरी सगळ्यांत अवघड. उत्तर संपलं असं वाटलं की आपल्याला पुढचा प्रश्न सुचतो आणि तो विचारायची घाई होते. ती आवरा. पहिलं उत्तर बहुधा ओळखीच्या वाटेने येतं. माणूस थांबतो, समोरचा काही बोलत नाही असं बघतो, आणि मग म्हणतो, ‘म्हणजे खरं सांगायचं तर…’ या ‘खरं सांगायचं तर’साठी तर आपण आलेलो असतो. संकलनात तो मधला मौनाचा तुकडाही पूर्ण कापू नका. बोलणारा विचार करतो आहे हे ऐकणाऱ्याला कळू द्या.

बसायचं कुठे, सुरुवात कशाने

शक्यतो काम समोर दिसेल अशा जागी बसा. कॅफेत बसून कामाबद्दल बोलायला लागलात की दोघांनाही आठवणीवर विसंबून राहावं लागतं आणि बोलणं लगेच ढोबळ होतं. काम समोर असेल तर हात लांब करून दाखवता येतं. ध्वनिमुद्रण असेल तर ‘तुम्ही आता उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवताय, तिथे खरवडल्यासारखं आहे’ असं तुम्ही मोठ्याने म्हणा. ऐकणाऱ्याला चित्र दिसतं, आणि कलाकाराला कळतं की तुम्ही बघताय. बघणाऱ्या माणसाशी कलाकार मोकळेपणाने बोलतात. तुमच्याकडे पदवी आहे की नाही हे त्यानंतर फारसं कुणी विचारत नाही.

सुरुवात ‘तुमचा प्रवास सांगा’ने करू नका. जन्म, शाळा, कॉलेज, पहिलं प्रदर्शन हा क्रम सुरू झाला की पहिली वीस मिनिटं त्यातच जातात आणि आवाज एकसुरी होतो. मी बहुतेक वेळा आजपासून सुरू करते: ‘मी यायच्या आधी काय करत होतात?’ ब्रश धुत होतो, ईमेलला उत्तर देत होतो, काहीच करत नव्हतो, यातलं काहीही उत्तर चालतं. काहीच करत नव्हतो हे तर उत्तमच. रिकाम्या वेळेचं कलाकार काय करतात याबद्दल फार कमी बोललं जातं. आयुष्याची माहिती लागली तर ती नंतर, कामाच्या एखाद्या गोष्टीला धरून आपोआप येते. तेव्हा ती मोलाचीही असते.

पाठ केलेली उत्तरं सुरू झाली तर मध्येच तोडू नका, अपमान वाटतो. पूर्ण ऐका आणि मग त्यातला एक शब्द उचलून जमिनीवर आणा. ‘तुम्ही अवकाशाशी संवाद म्हणालात. या खोलीत तो कुठे झाला, मला दाखवाल?’ बहुतेक लोक उठून चालायला लागतात. उठले की बोलणंही बदलतं.

तुम्ही केलेल्या त्या दोन ध्वनिमुद्रणांकडे याच कानांनी पुन्हा जा. कुठेतरी आवाज बदललेला असेल, वाक्य अर्धवट राहिलेलं असेल, ‘ते जाऊ दे’ असं कुणी म्हटलं असेल. तिथे तुम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळला असाल. ती जागा लिहून ठेवा. पुढच्या भेटीचा पहिला प्रश्न तोच.

तयारी

माझी तयारी बरीचशी बघण्याची असते. प्रदर्शन किमान दोनदा बघते, मध्ये काही दिवस जाऊ देते. व्हिडिओ असेल तर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चाळीस मिनिटांचा असला तरी चाळीस मिनिटं. ज्याने ते चाळीस मिनिटांचं केलं त्याच्याशी दहा मिनिटं बघून बोलायला जाणं बरं नाही, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या लक्षातही येतं. माध्यमाची मूलभूत माहिती घ्या. छापचित्राखालच्या ३/१० चा अर्थ काय, एचिंग आणि लिथोग्राफ यांत फरक काय, मांडणशिल्प दुसऱ्या जागी नेलं की त्याचं काय बदलतं, एवढं माहीत असलं की कलाकाराला प्राथमिक गोष्टी समजावण्यात वेळ घालवावा लागत नाही.

आधीच्या मुलाखती वाचा, पण त्या वेगळ्या कामासाठी. ज्या प्रश्नांची उत्तरं तिथे येऊन गेली आहेत ते आपल्या वहीतून खोडा. चार ठिकाणी तोच किस्सा दिसला तर तो पाचव्यांदा काढून घ्यायची गरज नाही. मराठीतून बोलणार असाल तर चित्रकार प्रभाकर बरवे यांनी चित्रनिर्मितीबद्दल मराठीत जे लिहून ठेवलं आहे ते जरूर वाचा. वस्तू, आकार, अवकाश यांबद्दल इतकं नेमकं, घरगुती भाषेत बोलता येतं हे कळलं की आपले प्रश्नही सोपे होतात.

ऐकायलाही खूप आहे. अमेरिकेतल्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट’ने १९५८ पासून कलाकारांच्या दीर्घ मौखिक मुलाखती जमवल्या आहेत. ब्रिटिश लायब्ररीचा ‘आर्टिस्ट्स लाइव्ह्ज’ हा संग्रह १९९० मध्ये सुरू झाला. हाँगकाँगच्या ‘एशिया आर्ट आर्काइव्ह’कडे आशियातल्या समकालीन कलेचं मोठं दस्तऐवजीकरण आहे. ऐकताना उत्तरांपेक्षा प्रश्नांकडे लक्ष ठेवा. चांगली मुलाखत घेणारी माणसं किती छोटे प्रश्न विचारतात ते बघा.

प्रश्न आधी पाठवावेत का? मी प्रश्न पाठवत नाही, विषय पाठवते. ‘तुमच्या या दोन कामांबद्दल बोलायचं आहे, साधारण तासभर, तिथेच स्टुडिओत’ एवढं. यादी पाठवली की उत्तरं लिहून येतात आणि मग ती वाचली जातात. याला अपवाद आहेत. ज्या भाषेत गप्पा होणार ती कलाकाराची रोजची भाषा नसेल, बोलताना कुणाला अडखळायला होत असेल, किंवा संस्थेचा नियमच तसा असेल, तर प्रश्न जरूर पाठवा. समोरच्याची धास्ती कमी होणं जास्त महत्त्वाचं.

क्युरेटरशी बोलताना

क्युरेटरकडे स्टेटमेंटपेक्षाही मोठा मजकूर तयार असतो, कारण भिंतीवरचा मजकूर बहुधा त्यानेच लिहिलेला असतो. त्यामुळे ‘या प्रदर्शनातून काय मांडायचं आहे?’ हा प्रश्न इथे आणखीच निरुपयोगी. मात्र क्युरेटरचं काम सबंध निर्णयांचंच असतं आणि ते निर्णय दालनात उघड्या डोळ्यांनी दिसतात. कोणतं काम कोणाशेजारी आहे. कुठे भिंत रिकामी सोडली आहे. बाक कुठे ठेवलं आहे, म्हणजे बघणाऱ्याने कुठे थांबावं अशी अपेक्षा आहे. म्हणून क्युरेटरबरोबर मी बसत नाही, दालनातून चालते.

एखादा कोपरा इतरांपेक्षा अंधारा दिसला तर विचारा. कागदावरची कामं, जलरंग, कापड यांवर सहसा ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवतात, तैलरंगाला साधारण २०० लक्सपर्यंत चालतो. कामं उसनी आणलेली असतात तेव्हा प्रकाश, आर्द्रता, किती आठवडे मांडायचं हे मालकाच्या अटींत लिहिलेलं असतं. अंधाराबद्दल विचारलेल्या एका प्रश्नातून कोणतं काम कुठून आलं, काय मिळालं नाही, कशासाठी किती पत्रव्यवहार झाला हे सगळं बाहेर येतं. आणि मग क्युरेटर सांगतो की ते काम इथे ठेवल्यामुळे शेजारच्या दालनाचा सगळा क्रम बदलावा लागला. एवढ्यातून प्रदर्शन आपल्यापुढे उलगडतं.

देखभालीबद्दलही विचारा. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांचं १९९१ चं एक काम आहे: दालनाच्या कोपऱ्यात रंगीत कागदात गुंडाळलेल्या, खायच्या गोड गोळ्यांची रास. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. येणारे लोक एकेक गोळी घेऊन जाऊ शकतात. एड्समुळे गेलेल्या जोडीदाराचं हे व्यक्तिचित्र. आता हे काम मांडणाऱ्याला विचारायचा प्रश्न कोणता? ‘ही रास पुन्हा भरायची की नाही, केव्हा भरायची, हे कोण ठरवतं? आणि सकाळी दालन उघडण्याआधी प्रत्यक्ष कोण भरतं?’ मांडणाऱ्याला तो निर्णय घ्यावाच लागतो. रास कमी होत जाऊ देणं आणि ती पुन्हा भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा प्रश्न विचारलात की क्युरेटर दुःखाबद्दल आणि जबाबदारीबद्दल बोलायला लागेल.

आणखी एक प्रश्न क्युरेटरांसाठी मला नेहमी उपयोगी पडतो: ‘काय राहून गेलं?’ हान्स उल्रिख ओब्रिस्ट या क्युरेटरने कलाकारांना, वास्तुरचनाकारांना वर्षानुवर्षं न झालेल्या प्रकल्पांबद्दल विचारलं आहे. हा प्रश्न आता कलाकारांच्या ओळखीचा झाला आहे, त्यांच्याकडे त्याचं उत्तरही तयार असतं. क्युरेटरांना मात्र तो कमी विचारला जातो. मालकाने उसनं द्यायला नकार दिलेलं काम, ऐनवेळी गेलेलं दालन, यादीतून काढावं लागलेलं नाव, याबद्दल ते मनापासून बोलतात. फक्त माणसांची नावं आली की सावध व्हा. त्याबद्दल खाली लिहिते.

कलाकार आणि क्युरेटर यांना एकत्र बसवू नका, निदान पहिल्यांदा तरी नाही. दोघंही एकमेकांना सांभाळून बोलतात. कलाकार म्हणतो, त्यांनी फार समजून घेतलं. क्युरेटर म्हणतो, त्यांनी फार स्वातंत्र्य दिलं. खरंही असेल, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दोघांशी वेगवेगळं बोला आणि मग एकाच कामासमोर दोघांना दहा मिनिटं उभं करा. त्या दहा मिनिटांत तुम्ही बहुतेक गप्पच राहाल.

संकलन आणि प्रामाणिकपणा

सहज वाटणाऱ्या गप्पा पुष्कळदा संकलनाच्या टेबलावर सहज होतात. समीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टर यांनी चित्रकार फ्रान्सिस बेकनशी १९६२ मध्ये पहिली मुलाखत केली आणि पुढे वीसहून अधिक वर्षं ते बोलत राहिले. छापलेल्या मुलाखतींचे तुकडे वेगवेगळ्या बैठकींतून घेतलेले आहेत, क्रम बदललेला आहे, आणि हे त्यांनी वाचकाला सांगितलं आहे. मला यातल्या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा जाणं, आणि केलेली काटछाट न लपवणं.

कार्ला लोन्झी या इटालियन समीक्षिकेने तर याच्याही पुढे जाऊन पाहिलं. १९६९ मध्ये तिने चौदा कलाकारांशी झालेली संभाषणं कापून अशी जोडली की जणू सगळे एकाच वेळी एका ठिकाणी बोलताहेत. त्यातले चित्रकार साय ट्वॉम्ब्ली यांना तिने लेखी प्रश्न पाठवले होते, त्यांनी उत्तरं दिली नाहीत. तिने त्यांचं नाव गाळलं नाही. त्यांची पाळी येते तिथे फक्त ‘मौन’ असं छापलं. मला हे फार आवडतं. न बोलणं हीदेखील कलाकाराने दिलेली एक गोष्ट आहे आणि ती नोंदवण्याजोगी आहे. तुम्हालाही कुणी नकार दिला तर वाईट वाटून घेऊ नका, आणि त्याला पटवत बसू नका.

तांत्रिक बाबी थोडक्यात. गॅलरीच्या उघड्या भिंती आवाज घुमवतात, म्हणून कॉलर माइक वापरा, किंवा रेकॉर्डर तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर ठेवा. मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह फॉरमॅटमध्ये ठेवा. दुसरं यंत्र सोबत चालू असू द्या. जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, जोड लपवायला लागतो. शब्दांकन स्वतः करा. तासभराच्या बोलण्याला चार ते सहा तास सहज लागतात, पण तेवढ्यात तुम्ही ते बोलणं खरोखर ऐकता. यंत्राकडून करून घेतलंत तर माणसांची, रंगांची, गावांची नावं एकेक तपासा.

आता संमतीबद्दल. मोकळेपणा आपण निर्माण करतो, म्हणून त्याची जबाबदारीही आपली. गप्पांच्या ओघात माणूस जे बोलतो ते सगळं जगापुढे यावं अशी त्याची इच्छा असतेच असं नाही. म्हणून मी परवानगी दोनदा घेते. सुरू करताना एकदा, आणि रेकॉर्डर बंद करताना पुन्हा: ‘आज बोललात त्यातलं काही बाहेर जायला नको असं वाटतं का?’ दुसऱ्या वेळी येणारं उत्तर खरं असतं. किंमती, गॅलरीशी असलेला व्यवहार, अजून जाहीर न झालेलं प्रदर्शन, हजर नसलेल्या माणसाबद्दलची तक्रार, या चार ठिकाणी मी त्यांनी न सांगताही थांबते आणि विचारते. रेकॉर्डर बंद झाल्यावर दाराशी उभं राहून फार सुंदर बोलणं होतं, हे तुम्हालाही दिसेल. त्यासाठी यंत्र गुपचूप चालू ठेवू नका. तिथेच विचारा, ‘हे रेकॉर्ड करू का?’ हो म्हणाले तर उभ्या उभ्या करा. नाही म्हणाले तर ते फक्त तुमच्यासाठी होतं.

मदतनिसांची नावंही विचारून घ्या. ओतकाम कुणी केलं, विणलं कुणी, व्हिडिओचं संकलन कुणाचं. कलाकार बहुतेक वेळा आनंदाने सांगतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

प्रसिद्ध करण्याआधी दाखवावं का? मी दाखवते, पण कशासाठी दाखवते ते आधी स्पष्ट सांगते. नावं, वर्षं, माध्यम, आकार यांतल्या चुका दुरुस्त करायला आणि ज्याने कुणाला इजा होईल असं काही असेल तर काढायला. वाक्यं पुन्हा लिहायला नाही. ही मर्यादा पहिल्या ईमेलमध्येच लिहिलेली असली की नंतर वाद होत नाही. मुदतही द्या, आठवडाभर पुरे. सगळं पुन्हा लिहून पाठवलं गेलं तर फोन करा आणि कोणत्या वाक्याची भीती वाटते ते विचारा. साधारणपणे ते एकच वाक्य असतं. ते काढलं की बाकीचं जसं होतं तसं राहू देतात. संस्थेच्या प्रसिद्धी विभागाने अख्खा मजकूर मंजुरीसाठी मागितला तर निर्णय तुमचा. मी अशा वेळी क्युरेटरला सांगते की आपण संस्थेबद्दल न बोलता दालनातल्या एकाच कामाबद्दल बोलू. बहुतेक वेळा तेवढ्याला परवानगी मिळते, आणि एका कामावर तासभर बोलणं हे सबंध प्रदर्शनावर बोलण्यापेक्षा चांगलंही होतं.

मूळ ध्वनिमुद्रणाची न कापलेली प्रत कलाकाराला द्या. फाइलच्या नावात तारीख, ठिकाण आणि कोणत्या कामाबद्दल बोललो ते लिहा. पुष्कळ कलाकारांकडे त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं, काम चालू असतानाचं बोलणं कुठेच नसतं. पुढे त्यांच्यावर काम करणाऱ्या कुणाला ते लागेल. वर्षा-दोन वर्षांनी त्याच माणसाकडे परत जाणार असाल तर आदल्या रात्री जुनी फाइल पूर्ण ऐका आणि त्यातला एखादा निर्णय आज कसा वाटतो तेवढंच विचारून सुरुवात करा.